टायपिंग झकास, पण नावं तपासून घ्या

सात रस्त्याजवळच्या एका बोळातलं हे टायपिंग-बायंडिंगचं दुकान. एलएलएमच्या सेमिनारसाठी 34 पानं दिली होती, विषय फ्रेंच कायदेपंडित झॉर्ज वदेल. काम एका दिवसात झालं, स्पायरल घट्ट, कागदही जाड. पण घरी येऊन बघतो तर काय, सगळीकडे 'वदेल'चं 'वडील' झालेलं! 'वडील 1962 ते 1967 पॅरिसच्या विधी विद्याशाखेचे डीन होते.' 'वडील 1980 ते 1989 संविधान परिषदेत (कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणारी फ्रान्सची संस्था) बसले.' युद्धकैदी वडील वाचून तर आईच घाबरली.

परत गेलो. दुकानवाल्या मावशी चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या, "अरे, ते सुचवलेलं बटण दाबलं गेलं रे. पण एवढं शिकलेला माणूस, वडीलधाराच की!" मी काय बोलणार? 1998 ला, 88 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेवर, निवडून आलेला माणूस, खरंच वडीलधारा.

सगळी पानं फुकट काढून दिली, वर चहा. फक्त अनुक्रमणिकेत एक 'वडील' राहिलाच, तो मी पेनानं खोडला. पाचपैकी चार तारे.