गॅदरिंग, आनंद मेळावा, वनभोजन की भोंडला? पोरांना शाळा आपली वाटायला काय घ्यावं

गणपती उठले की शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये एक विषय हमखास निघतो, यंदा पोरांसाठी काय घ्यायचं, आणि पैसे एकाच मोठ्या कार्यक्रमापुरते असतात त्यामुळे वादही होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे चारही प्रकार स्वतः घेतलेत, म्हणून ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी समोरासमोर ठेवून लिहितेय.

आधी मोजायचं कशाने ते बघू. टाळ्या किती पडल्या, पाहुणे कोण आले याने नाही. कॅरल गुडनाऊ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९३ मध्ये १८ विधानांची एक प्रश्नावली केली होती, मुलाला शाळा आपली वाटते का हे तपासायला. त्यात काय काय येतं, तर मला एखादी गोष्ट चांगली जमली की इथे कुणाच्या लक्षात येतं का, अडचण आली तर बोलता येईल असं एखादं तरी मोठं माणूस शाळेत आहे का. ती वाचल्यापासून मी प्रत्येक कार्यक्रमाला एकच प्रश्न विचारते, किती पोरांकडे असं काम होतं की ते पोर नसतं तर बाकीच्यांचं अडलं असतं?

गॅदरिंग यात सगळ्यात कमी पडतं, आणि आपण सगळ्यात जास्त पैसा तिथेच घालतो. मांडव, स्टेज, साउंड, ड्रेपरी म्हणजे नाचाचे भाड्याचे कपडे, वर महिनाभर तासिका बुडवून डान्स बसवायचे. पुढच्या रांगेत तीच चार चुणचुणीत पोरं, बाकीची झाडं होऊन उभी किंवा खाली सतरंजीवर. एका वर्षी ड्रेपरीचं भाडं पालकांनी द्यायचं ठरलं, माझ्या वर्गातली एक मुलगी त्या आठवड्यात शाळेतच आली नाही, विचारलं तर ताप होता म्हणाली. ताप नव्हता. मला ते अजून लागतं कारण पैसे गोळा करायची यादी मीच केली होती. आणि ते फिशपॉन्ड, शेलापागोटे, म्हणजे पोरांवर वाचून दाखवायचे टोमणे, ते तर बंदच करा, जाड्या, काळ्या, बोबड्या पोराला सगळ्या शाळेसमोर हसायचं आणि वर त्याला स्नेहसंमेलन म्हणायचं हे मला पटत नाही. गॅदरिंगचा फायदा एकच पण खरा आहे, एरवी शाळेकडे न फिरकणारे आईबाप त्या रात्री येतात. तेवढ्यासाठी घेणार असाल तर अख्खा वर्ग स्टेजवर, घरचेच कपडे, आणि पडदा, माईक, निवेदन सगळं पोरांकडे असं करा.

अजून एक, ज्याचा विचार गॅदरिंगची तारीख काढताना होतच नाही. बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची कुटुंबं निघून जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. गॅदरिंग कधी, तर डिसेंबर-जानेवारी. म्हणजे ज्या पोरांची शाळेशी नाळ सगळ्यात आधी तुटायला लागते तीच नेमकी नसतात. तुमच्या गावात अशी पोरं असतील तर जे काही घ्यायचंय ते दिवाळीआधी घ्या, बाकी सगळे मुद्दे यानंतर.

आनंद मेळावा, काही ठिकाणी आनंदनगरी किंवा बालबाजार म्हणतात, बहुतेक शाळा १४ नोव्हेंबरच्या आसपास घेतात. भेळ, सरबत, मिसळ, घरच्या परसातली भाजी. यात वर्गात हात वर न करणारं पोर पण सुट्टे पैसे मोजताना काय मोठ्याने बोलतं, बघत राहावं! खर्च कमी, तयारी आठवड्याची, नफा-तोटा आयताच शिकवून होतो. पण दोन खड्डे आहेत. एक, सगळं आई करते आणि पोर नुसतं उभं राहतं, म्हणून मी उकळतं तेल आणि गॅस लागेल असे पदार्थच घेत नाही, काकडी चिरणं आणि भेळ कालवणं पोरांना जमतं. दुसरा मोठा, ज्याच्या खिशात दहा रुपये नाहीत त्याने काय करायचं? आम्ही समितीच्या पैशातून प्रत्येकाला सारखी कूपनं देतो, घरचे पैसे चालत नाहीत. हे केलं नाही तर मेळावा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एरवी युनिफॉर्ममुळे झाकलेला फरक त्या दिवशी उघडा पडतो.

वनभोजन माझं आवडतं, लपवत नाही. मोठी सहल वेगळी, एसटी शालेय सहलीला निम्मी सवलत देते तरी उरलेले पैसे सगळ्यांना परवडत नाहीत आणि तीन-चार पोरं मागे राहतातच. वनभोजन म्हणजे चालत जायचं, कुणाच्या तरी मळ्यात किंवा देवळाच्या आवारात, प्रत्येकाने मूठभर तांदूळ-डाळ आणायची आणि एकाच पातेल्यात खिचडी. पातेल्यात पडल्यावर कुणाचे तांदूळ कुठले हे कोण ओळखणार? चूल पेटवायची ती मोठ्यांनी, पण वाटेत ओढा कसा ओलांडायचा, सरपण कुठलं घ्यायचं हे सांगणारं पोर बहुतेक वेळा तेच असतं जे गणितात मागे आहे, आणि मग सरसुद्धा त्याचं ऐकतात. नववी-दहावीला तर मी हेच सुचवेन, त्या वयात पोरं बाईंसमोर बसून बोलत नाहीत, चालता चालता बोलतात. विहीर-नदी आसपास असेल तर मोठी माणसं जास्त लागतात, ती आधी गोळा करा.

भोंडल्याला खर्च जवळजवळ शून्य. नवरात्राच्या दिवसांत एक दुपार, मध्ये पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर. मुलींचाच म्हणून मुलांना बाहेर ठेवू नका, आमच्याकडे सगळ्या जातीधर्माची मुलंमुली फेरात असतात. खरी गंमत खिरापतीत आहे, झाकलेला डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं, म्हणजे फुटाणे आणलेलं पोरसुद्धा तेवढा वेळ राजा! नवीन ॲडमिशनच्या पोराला पहिला डबा द्या, पाच मिनिटांत अख्खा वर्ग त्याच्या नावाने ओरडत असतो.

आता ठरवायचं झालं तर, पहिली ते चौथीला भोंडला आणि वनभोजन पुरे. पाचवी ते आठवीला कूपनवाला मेळावा, दिवाळीआधी. आठवीपर्यंत २०२४ पासून आनंददायी शनिवार, म्हणजे उपक्रमांसाठीचा शनिवार, आहेच, तयारी त्यात बसते, तासिका बुडत नाहीत. पालकांना आणायचा प्रश्न असेल तरच गॅदरिंग, तेही साधं. आणि काहीही ठरवलंत तरी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी हजेरीपट घेऊन बसा, प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहा, ज्या नावापुढे काही सुचत नाही त्या पोराशी उद्याच मधल्या सुट्टीत जाऊन बोला.