फॉर्मवरून मुख्य यादीत: एक्सेल मॅक्रो काही महिने वापरल्यानंतर

रचना साधी. एका शीटवर फॉर्म, दुसऱ्या शीटवर मुख्य यादी, फॉर्मखाली एक बटण. बटण दाबलं की व्हीबीए मॅक्रो (एक्सेलच्या आतल्या व्हीबीए भाषेत लिहिलेला छोटा कोड) माहिती यादीच्या पहिल्या मोकळ्या ओळीत टाकतो आणि फॉर्म कोरा करतो. एकच माणूस नोंदी करत असेल तर सोय उत्तम आहे. पण सगळीकडे फिरणारा चार ओळींचा कोड जसाच्या तसा डकवू नये.

खरी मेख मोकळी ओळ शोधण्यात आहे. बहुतेक कोड शीटच्या तळापासून ‘एक्सएल-अप’ने भरलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत वर येतात आणि त्या ओळीच्या नंबरात एक मिळवतात. वरून खाली जाणाऱ्या ‘एक्सएल-डाउन’पेक्षा हे बरंच, कारण ‘एक्सएल-डाउन’ वाटेतल्या पहिल्याच रिकाम्या सेलआधी थांबतं. मात्र यादीला फिल्टर लावलेला असेल तर ‘एक्सएल-अप’ लपलेल्या ओळी मोजत नाही. शेवटच्या दिसणाऱ्या ओळीवर ते थांबतं आणि नवी नोंद लपलेल्या जुन्या नोंदीवर जाऊन बसते. एरर नाही, काही नाही. वर मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की अनडूही रिकामं होतं, म्हणजे कंट्रोल-झेडचा उपयोग शून्य. उपाय एका ओळीचा: लिहिण्याआधी शीटचा ‘फिल्टरमोड’ (फिल्टर लागू आहे का ते) तपासायचा आणि चालू असेल तरच सगळ्या ओळी दाखवणारं ‘शो-ऑल-डेटा’ चालवायचं. न तपासता चालवलं आणि फिल्टर नसला, तर १००४ ची एरर येते.

मोकळी ओळ शोधायची ती कधीच रिकामा न राहणाऱ्या रकान्यावर, म्हणजे अनुक्रमांकावर. हा अनुक्रमांक ओळीच्या नंबरवरून काढू नका. मधली एक ओळ डिलीट झाली की तोच क्रमांक पुन्हा दिला जातो. रकान्यातला सर्वात मोठा आकडा अधिक एक, हे ठीक. कोडमध्ये ओळीचा नंबर ज्यात साठवता त्या व्हेरिएबलचा प्रकार ‘लाँग’ ठेवा. ‘इंटिजर’ ३२,७६७ ला संपतो आणि शीटमध्ये ओळी आहेत १०,४८,५७६.

आकड्यांचा त्रास वेगळाच. शून्याने सुरू होणारा कोड साध्या सेलमध्ये टाकला की शून्य गळतं, म्हणून यादीतला तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा लागतो. एवढं करूनही डुप्लिकेट तपासायला ‘काउंटइफ’ हे मोजणीचं फंक्शन वापरलं तर ते टेक्स्टलाही नंबर समजतं आणि १५ अंकांपुढचं पाहत नाही. पहिले १५ अंक सारखे असलेले दोन १६ अंकी क्रमांक त्याला एकच वाटतात. तिथे ‘मॅच’ हे शोधायचं फंक्शन वापरा, शोधायची किंमत टेक्स्ट म्हणूनच द्या.

शीटऐवजी यूजरफॉर्म (व्हीबीएची वेगळी फॉर्म-खिडकी) वापरत असाल आणि त्याच्या टेक्स्टबॉक्समधली तारीख थेट सेलमध्ये ढकलली तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, कारण व्हीबीए आधी महिना धरतं. १३ तारखेपासून पुढे हा घोळ होत नाही, त्यामुळे चूक उशिरा सापडते. दिवस, महिना, वर्ष सुटे घेऊन व्हीबीएच्या ‘डेटसीरियल’ फंक्शनने जोडा.

फॉर्ममधल्या सेलना नावं द्या. मध्ये एक ओळ घातली तरी कोडमधला ‘बी ५’ बी ५ च राहतो आणि भलतीच माहिती उचलतो. मर्ज केलेले सेल टाळाच. त्यातला एकच सेल पुसायला गेलात की मॅक्रो तिथेच अडतो. शीटचं नाव मराठीत असेल तर व्हीबीए एडिटरमध्ये त्याची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून कोडमध्ये शीटचं कोडनेम (एडिटरमध्ये दिसणारं शीटचं आतलं नाव) वापरायचं. मेसेज बॉक्सचंही तेच. मराठी सूचना शीटवरच्या एका सेलमध्ये आधीच लिहून ठेवा आणि तिथून दुसऱ्या सेलमध्ये दाखवा.

फाइल ‘एक्सएलएसएम’ म्हणूनच सेव्ह करावी, ‘एक्सएलएसएक्स’मध्ये कोड उडतो. मेलने आलेल्या किंवा डाउनलोड केलेल्या फाइलमधले मॅक्रो ब्लॉक असतील तर आधी ती कुठून आली याची खात्री करा, मग प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करा.

तीन-चार जण एकाच वेळी नोंदी करणार असतील तर मात्र या वाटेला जाऊ नका. एकत्र काम करायला ब्राउझरमधलं एक्सेल घ्यावं, तर त्यात व्हीबीए चालतच नाही. तिथे गूगल फॉर्म बरा, त्याची उत्तरं मॅक्रोशिवाय थेट शीटमध्ये पडतात.