‘स्लोअर’ की ‘मोअर स्लोली’?

दहावीतल्या भाचीचं निबंध लिहिताना पेन अडलं. “मावशी, ‘ड्राइव्ह स्लोअर’ लिहू की ‘ड्राइव्ह मोअर स्लोली’?” क्रियापदाला विशेषण लावायचं नाही असं तिला शिकवलंय, म्हणून पहिलं चूक वाटत होतं. मला ते पटत नाही.

बरोबर-चूक बघायचं तर दोन्ही बरोबर. ‘स्लो’ हे इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणूनही शेकडो वर्षं चालत आलंय. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’चं तर विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून रूप एकच. तिथे ‘रन फास्टर’च म्हणायचं, ‘मोअर फास्टली’ असं काही नसतं.

अर्थाचा खरा फरक पडतो तो ‘क्लोज’पाशी. ‘कम क्लोजर’ म्हणजे अजून जवळ ये, अंतर कमी कर. ‘लुक मोअर क्लोजली’ म्हणजे नीट निरखून बघ, मग जागचं हललं नाही तरी चालेल. कुणाला जवळ बोलावताना ‘कम मोअर क्लोजली’ म्हटलं की वाक्य बिघडलंच. मराठीत ‘हळू’ला ‘अजून’ जोडलं की काम झालं, शब्द बदलत नाही. म्हणून आपली मुलं इथे हमखास अडखळतात.

सुटसुटीतपणात ‘स्लोअर’ सरस. लांब शब्दांना मात्र शेवटी ‘अर’ जोडायची सोय नाही, ‘केअरफुली’ला ‘मोअर’च लागतं.

परीक्षेत, अर्जात ‘मोअर स्लोली’, ‘मोअर क्विकली’ लिहावं, तपासणारा खोट काढणार नाही. बोलताना, गोष्टीतल्या संवादात ‘स्लोअर’, ‘क्विकर’ शोभतं. ‘रन फास्टर’, ‘कम क्लोजर’ मात्र कुठेही निर्धास्त लिहावं.