मोझांबिकच्या जमिनीचा इसार

कारंजा-मूर्तिजापूर पट्ट्यातले डाळ मिलवाले आणि जिनिंगवाले यांच्यासाठी लिहितोय. 'लहान उद्योजकांना परदेशात मिल उभारून देतो' म्हणणारा सल्लागार उद्या तुमच्या ओट्यावरही येऊन बसेल.

आमच्याकडे आला तो पूर्ण तयारीनिशी. भारत-मोझांबिकचा २०१६ चा तुरीचा करार, वर्षाला २ लाख टनांपर्यंत गेलेला आयातीचा कोटा, नकाला बंदर, सगळं बरोबर सांगितलं. नंतर पडताळलं तर त्यातलं एकही खोटं नव्हतं. "भाऊ, तूर तिकडूनच येते न? मंग मिलच तिकडं टाका. कागदपत्रायचं माह्यावर सोडा." कंपनी नोंदणी, परवाना आणि नकालाजवळच्या ५ हेक्टरचा इसार असं करत करत ११ लाख नेले. पैसे घेतले नागपुरातल्या एका बचत खात्यात.

बदल्यात खरेदीखत दिलं. हिरवट जाड कागद, गोल शिक्का, कोपऱ्यात सोनेरी चकती, आणि मजकूर सगळा इंग्रजीत. मोझांबिकचा सरकारी कारभार चालतो पोर्तुगीजमध्ये! पण खरी मेख वेगळीच. तिथे जमीन विकत मिळतच नाही. सगळी जमीन सरकारची, विक्रीला राज्यघटनेतच मनाई. मिळतो तो फक्त वापराचा हक्क, त्याला 'दुआत' म्हणतात. उद्योगासाठी तो जास्तीत जास्त ५० वर्षांचा, पुढे वाढवून मिळणारा. परदेशी माणसाला त्यासाठी आधी प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या सौद्याचा इसार आम्ही दिला, तो सौदा त्या देशात होतच नाही.

बिंग फुटलं ते अकोल्यात, बँकेत. मशिनरीसाठी पैसे पाठवायला गेलो तर परकीय चलनाचं काम बघणाऱ्या मॅडमनी फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) आणि यूआयएन (त्या गुंतवणुकीचा क्रमांक) मागितला. कंपनी असो की नोंदणीकृत भागीदारी, बाहेर भांडवल घालायचं तर २०२२ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत डीलर, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराची परवानगी असलेल्या बँकेमार्फतच जातं, आणि पहिली रक्कम जायच्या आधी रिझर्व्ह बँकेचा हा क्रमांक घ्यावा लागतो. आमची पासबुकातली नोंद बघून त्या म्हणाल्या, "दादा, हे पैसे देशाबाहेर गेलेच नाहीत."

सल्लागार आपली फी इथे घेईल, त्यात गैर काही नाही. पण परदेशातली जमीन, भागभांडवल किंवा तिथली सरकारी अनामत या नावाने कोणी इथल्या खात्यात पैसे मागितले, तर एक रुपयाही सोडू नका. कागद आधी मोझांबिकच्या राजधानीतल्या, मापुतोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाला ईमेलने पाठवा. तिथल्या गुंतवणूक संस्थेला, आपिएक्सलाही विचारता येतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. ते बचत खातं तोवर रिकामं झालं होतं. तोच माणूस आता वाशिमकडे सोयाबीनवाल्यांना मलावीतली जमीन दाखवतोय, असं कानावर आलंय.