जुन्या वळणाचे स्वयंपाकघर: ७,१०,५०० रुपये आणि भुशाची कपाटे

ठाण्यात सध्या जुन्या घरांसारखी स्वयंपाकघरे करून देणाऱ्यांचे पेव फुटले आहे. त्यांतल्या एका कंत्राटदाराने आमच्याकडून ७,१०,५०० रुपये घेतले आणि हातात भुशाच्या फळ्या दिल्या. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही; पण पिस्ता रंगाची शटरे, पितळी मुठी आणि फडताळाच्या दारामागे दडवलेले डिशवॉशर अशी चित्रे दाखवून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर पैसे देण्यापूर्वी हे वाचावे.

पाचपाखाडीतील आमचे स्वयंपाकघर जेमतेम ९० चौरस फुटांचे आहे. गिरगावात आजीच्या खोलीत होती तशी भांड्यांची मांडणी, दूधदुभत्यासाठी जाळीचे कपाट आणि रंगीत सिमेंटच्या फरशा मला हव्या होत्या, आणि त्यातच चिमणी, डिशवॉशर व ओव्हनसाठी १६ अँपिअरची जोडणी बसवायची होती. अंदाजपत्रक ६,८५,००० रुपयांचे होते. त्यांपैकी ६० टक्के म्हणजे ४,११,००० काम सुरू होण्यापूर्वी, ३० टक्के म्हणजे २,०५,५०० कपाटे घरी आल्यावर आणि उरलेले ६८,५०० काम संपल्यावर द्यायचे ठरले. डिशवॉशरचे ९४,००० त्याने वेगळे घेतले. सर्व कपाटे 'आयएस ७१०' मानकाच्या मरीन प्लायची, म्हणजे ओल सोसणाऱ्या थरांच्या लाकडी फळ्यांची असतील, असे कागदावर स्पष्ट लिहिले होते आणि नमुन्याच्या तुकड्यावरचा आयएसआयचा शिक्का व त्याखालचा परवाना क्रमांक मी स्वतः वाचला होता. इतके पाहूनही 'तुम्ही चौकशी केली नाहीत' असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही.

नमुन्यावरचा शिक्का मात्र नमुन्यापुरताच असतो. कपाटे भिवंडीच्या कारखान्यातून आली ती सर्व बाजूंनी लॅमिनेट चिकटवून आणि कडा पट्टीने बंद करून, त्यामुळे आत काय आहे ते दिसण्याची सोयच नव्हती. ते दिसले फक्त एकदा. डिशवॉशरचा पाइप सिंकखालून शेजारच्या कपाटात नेण्यासाठी सुताराने बाजूच्या फळीला गोल भोक पाडले. प्लाय कापताना निघतात तशा लांबट चिपट्या निघाल्याच नाहीत. पिठासारखा फिकट भुसा लादीवर सांडला, आणि कापून निघालेली चकती मी बघायला हात पुढे करताच कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाने ती उचलून खिशात टाकली. मी विचारले, तर तो म्हणाला, "मॅडम, मशीनचं ब्लेड बारीक असतं, भुसा असाच पडतो." त्या चकतीच्या कडेला प्लायचे एकाआड एक थर दिसायला हवे होते. तिथे एकसारखा रवाळ चोथा होता, म्हणूनच ती खिशात गेली, हे मला आता रोज आठवते आणि रोज तितकाच संताप येतो. घरभर सामान पसरलेले, सासूबाई आजारी, आणि समोरचा माणूस इतक्या ठामपणे बोलणारा. अशा वेळी त्याचा खिसा तपासायला लावणारे किती जण असतात? तुमच्या घरी असे भोक पाडले, तर चकती हातात घेतल्याखेरीज पुढचे काम करू देऊ नका.

पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगली, लॅमिनेट उचलले गेले आणि बिजागऱ्यांचे स्क्रू बोटाने बाहेर आले. तो पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा चिकटवून दाबलेली फळी होती. मग बाकीचेही तपासले. 'भरीव पितळेच्या' म्हणून ३८,४०० रुपयांना लावलेल्या २४ मुठींना लोहचुंबक चिकटले; पितळेला ते चिकटत नाही. तमिळनाडूतल्या अथंगुडीच्या हातघडणीच्या सिमेंट फरशा म्हणून बसवलेल्या फरशा छापील सिरॅमिकच्या निघाल्या. खऱ्या सिमेंटच्या फरशीत रंगाचा थर जाड असतो आणि तुटक्या कडेला तो दिसतो. छापील फरशीत वरची पातळ झिलई सोडली तर खाली रंग नसतो. डिशवॉशर त्याच्या दारालाच कपाटाची फळी लावता येईल असे घ्यायचे ठरले होते, प्रत्यक्षात साधे यंत्र शटरमागे कोंडले होते. त्याचे बिल कंत्राटदाराच्या नावावर आहे, त्यामुळे वॉरंटीसाठीही आम्ही त्याच्याच दारात.

जीएसटीचे पक्के बिल नको म्हटल्यास १,२३,३०० रुपये वाचतील, असे त्याने सांगितले होते. ठाण्यात निम्मी कामे याच रीतीने होतात, आम्ही काही वेगळे केले नाही. पण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न 'बिल कुठे आहे' हाच आला. बँकेतून गेलेल्या रकमांचे उतारे आणि सही केलेले अंदाजपत्रक समोर ठेवले, तरी हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी दुसरे अधिकारी म्हणाले, कारखाना भिवंडीत आहे, तिकडे जा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, पोलीस ठाण्यात देता येते असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. ते मी वाचून दाखवल्यावर अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला आणि पुढे काहीही झाले नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंत्राटदाराकडे पाठवली, 'ग्राहकाने रक्कम थकवली आहे' हे त्याचे एका ओळीचे उत्तर आले, आणि आम्हाला आयोगाकडे जाण्याचा सल्ला देऊन त्यांनी फाइल बंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल लागावा. आमच्या प्रकरणात फळीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवण्याच्या अर्जावरच अजून आदेश नाही. कधी समोरचा हजर नाही, कधी त्याच्या वकिलाला मुदत हवी, आणि प्रत्येक वेळी नवी तारीख. फुगलेल्या कपाटात स्वयंपाक मात्र आम्हालाच करावा लागतो, याचे तिथे कोणालाही सोयरसुतक नाही.

आता त्याने उरलेल्या ६८,५०० रुपयांसाठी व्याजासह मागणीची नोटीस पाठवली आहे. मी ते देणार नाही, असे लेखी कळवले आहे. ज्यांच्या घरी अशी चारही बाजूंनी बंद कपाटे आली आहेत, त्यांनी सिंकखालच्या फळीचा कोपरा आजच खरवडून पाहावा आणि खोट निघाली तर कंत्राटदाराच्या आश्वासनांवर थांबू नये. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांदरम्यान असेल तर शुल्क २०० रुपये आहे, आणि कारखाना कुठेही असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते.