कड्यावरचा कॅमेरा: ड्रोन उडवावा की दोरावर लटकावं?

सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणावर पदरचे पैसे घालून माहितीपट करायचा ठरला, टीम जमली, सुळका ठरला, की गाडी हमखास एका जागी अडते: कड्यावरचं शूटिंग कसं करायचं? एक तर चांगला ड्रोन आणि तो कड्याच्या कुशीत उडवू शकणारा सराईत हात. नाही तर स्टॅटिक रोप (फारसा न ताणला जाणारा दोर), जुमार (दोरावरून वर सरकायची पकड) आणि दोरावर लटकून कॅमेरा चालवू शकणारा एक जास्तीचा क्लाइंबर. स्वतंत्र माहितीपटाच्या बजेटमध्ये सहसा यातलं एकच नीट बसतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि आता माझा कल एका बाजूला झुकलेला आहे. तुमचा सुळका वेगळा, तुमची गोष्ट वेगळी, त्यामुळे माझं म्हणणं त्या हिशेबानेच घ्या.

ड्रोनचं मोठेपण आधी सांगतो, कारण ते खरं आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा जमिनीवरून कुणाला दाखवताच येत नाही. वर काठावर पोटावर झोपून खाली पाहिलं तर फक्त पोकळी दिसते, खालून पाहिलं तर मान मोडते, आणि कड्याचा तो आत वळलेला अर्धगोल कोणत्याही एका जागेवरून पुरता फ्रेममध्ये येत नाही. ड्रोन दरीत दोनशे फूट बाहेर गेला की एका शॉटमध्ये सगळं कळतं: कडा केवढा, माणूस केवढा, आणि तो आता कुठे आहे. तैलबैलाच्या जुळ्या भिंतींचंही तसंच. प्रेक्षकाला चढाईतलं काही कळत नसलं तरी हा एक शॉट त्याला खुर्चीत पुढे सरकवतो. वेळही वाचतो. सकाळी पोचलात, वारा पडलेला असला, तर नाश्त्याच्या आत अर्ध्या दिवसाचं काम होतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर परिस्थिती पूर्वीपेक्षा सोपी आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही आणि सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पण जागा कोणती हे महत्त्वाचं. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याशी बोलल्याशिवाय ड्रोन आणि शूटिंग दोन्हीचा विचार करू नका. ड्यूक्स नोजला जाणार असाल तर लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं केंद्र आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा आधी उघडा. आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे कड्यावर आपटून मोडला तर तसाच दुसरा आठवड्याभरात हाती येईल असं धरून चालू नका.

उडवण्यातल्या अडचणी पायलट मंडळींना माहीत असतात, पण कड्यावरच्या तीन गोष्टी मैदानात उडवणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. भिंतीला चिकटून उडवलं की अर्धं आकाश झाकलं जातं, उपग्रह कमी मिळतात आणि ड्रोन जागेवरून सरकायला लागतो. पायलट वर काठावर उभा असेल आणि ड्रोन काठाखाली गेला, तर मध्ये खडक येऊन सिग्नल तुटतो. आणि सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन आधी सरळ वर चढून मग परत फिरतात. वर ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला खडक, असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून कड्यावर ते सेटिंग बदलून ड्रोनला जागेवरच तरंगत ठेवायला सांगा. तिसरी गोष्ट वारा. दुपार चढली की कोकणातली तापलेली हवा कड्याला घासून वर येते, आणि हलका ड्रोन त्यात टिकत नाही. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे त्यावर ऊन येतं दुपारनंतर. ड्रोनला हवी ती सकाळची शांत हवा आणि कॅमेऱ्याला हवा तो प्रकाश यांची तिथे गाठ पडत नाही.

मधमाश्यांचा मुद्दा वेगळा काढतो, कारण तिथे तडजोड नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर ओव्हरहँगखाली आग्या मोहोळं असतात. दोरावरचा माणूस पळू शकत नाही. मोहोळ दिसत असेल तर त्या भिंतीवर ड्रोन नाही, आणि खरं तर त्या भिंतीवर चढाईही नाही. आदल्या दिवशी खालून दुर्बिणीने सगळी भिंत तपासून घ्या.

हे सगळं सांभाळून घेता येतं. मला ड्रोन नकोसा झाला तो आवाजामुळे.

दोनशे फुटांवर तो कुणकुण वाटतो. पण चेहरा हवा, बोटं हवीत, म्हणून तो तीस-चाळीस फुटांवर आणला की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. आपल्याकडे लीड करणारा (पुढे चढणारा) आणि बिले देणारा (खालून त्याचा दोर सांभाळणारा) यांच्यामध्ये वॉकीटॉकी सहसा नसतो, असतो तो फक्त गळा. “रोप लूज!”, “टाइट!”, “ऑफ बिले!” ही हाक खाली पोचली नाही तर वरच्याला हवा तेव्हा दोर मिळत नाही, किंवा नको तेव्हा खेचला जातो. आत वळलेल्या कड्यात ती घरघर भिंतीवर आपटून दुप्पट होते. एका शूटमध्ये आमचा लीड क्लाइंबर ट्रॅव्हर्सच्या (आडव्या चढाईच्या) मधोमध उभा राहून तीनदा “लूज” ओरडला आणि खालचा त्याच्याकडे बघत तसाच थांबला, कारण त्याच्या कानावर फक्त पंखे येत होते. काही झालं नाही. पण तेव्हापासून, चढाई चालू असताना ड्रोन जवळ आणायचा नाही हे माझ्यापुरतं ठरून गेलं.

हा सुरक्षेचा भाग झाला. फिल्मसाठीही मला तोच आवाज नडतो. प्रस्तरारोहण हे ऐकण्याचं काम आहे, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. आपला बसाल्ट थरांचा, मध्ये मऊ मुरमाड पट्टे, जागोजागी सुटलेले कपचे. चांगला क्लाइंबर खोबणीवर भार टाकण्याआधी बोटाच्या पेराने तिला ठोकतो. भरीव दगड ठण्ण वाजतो, सुटलेला बद्द. पिटॉन (फटीत ठोकायची लोखंडी मेख) ठोकताना तर कानच मोजमाप करतात. पहिल्या घावाला आवाज खाली असतो, मग प्रत्येक घावाला सूर चढत जातो, आणि तो खणखणीत झाला की क्लाइंबर हातोडा खाली सोडतो आणि कॅराबिनर (दोर घालायची कडी) अडकवतो. सूर चढता चढता मध्येच बसला तर पिटॉन काढून दुसरी फट शोधायची. ही वीस सेकंदं पडद्यावर नुसती ऐकवली तरी प्रेक्षक श्वास धरतो. त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, निवेदक लागत नाही. ड्रोन जवळ असेल तर ही वीस सेकंदं तुमच्याकडे नसतात. छातीवर माइक लावला तरी घरघर त्यात शिरते, आणि नंतर ती साफ करायला जाल तर माणसाचा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो.

मग एडिटिंगला बसल्यावर पर्याय उरतो तो संगीताचा. ड्रोनचा प्रत्येक शॉट संगीत मागतो, आणि संगीत चढलं की चढाई पर्यटनाच्या जाहिरातीसारखी दिसायला लागते.

आता दोर. त्याचे त्रास कमी नाहीत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याची लाइन आदल्या दिवशी लावावी लागते. तिचा अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) चढाईच्या अँकरपासून पूर्ण वेगळा हवा, काठावर दोर घासतो तिथे प्रोटेक्टर हवा. कॅमेरामन जुमार मारत वर जातो तेव्हा त्याच्या दोराने आणि पायाने दगड सुटतात, आणि खाली तुमचाच क्लाइंबर असतो. म्हणून लाइन कधीही रूटच्या डोक्यावर नको, दहा-पंधरा फूट बाजूला हवी. नुसत्या हार्नेसमध्ये तासभर लटकलं की पाय बधिर होतात. एक छोटी फळी दोरीने बांधून बसायला घेतली तर माणूस दुपारपर्यंत काम करू शकतो. कॅमेरा, बॅटरी, लेन्सचं झाकणसुद्धा दोरीने बांधलेलं हवं. वर लेन्स बदलायची नाही, १६-३५ सारखी एकच वाइड झूम घेऊन जायचं. आणि कॅमेरामन क्लाइंबरच्या वर हवा. खालून शूट केलं की मागची बाजू आणि बुटांचे तळवेच दिसतात. वरून बाजूने घेतलं की चेहरा, हात आणि त्यामागे सगळी दरी एकाच फ्रेममध्ये येते.

दोराबद्दल माझी खरी अडचण नैतिक आहे. शेजारी फिक्स रोप लटकतोय हे माहीत असलेला क्लाइंबर त्याच मनाने चढतो का? हात लांबवला की सुटका आहे, मग तो लीड पूर्ण त्याचा राहतो का? याचं उत्तर टीमशी आधी बोलूनच काढावं लागतं, आणि जे ठरेल ते फिल्ममध्ये उघड दाखवावं असं मला वाटतं. ‘फ्री सोलो’ या माहितीपटाच्या लोकांपुढे हाच प्रश्न सगळ्यात कठोर रूपात होता. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी आहे. ३ जून २०१७ ला ॲलेक्स होनोल्ड दोराशिवाय तिथला एल कॅपिटन कडा चढला तेव्हा कॅमेरामन स्वतः क्लाइंबर होते आणि दोरांवर लटकलेले होते, काही जण लांब लेन्स घेऊन खाली होते, आणि सगळ्यात अवघड टप्प्यावर तर माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले होते. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. क्रक्सच्या (सगळ्यात अवघड टप्प्याच्या) वर एक छोटा ॲक्शन कॅमेरा आदल्या दिवशी बांधून ठेवायचा आणि तिथून कॅमेरामनला हटवायचं. ड्रोनने हे साधत नाही, कारण नेमक्या त्या क्षणी क्लाइंबरच्या कानाशी काहीतरी घोंघावत असतं.

दोराने जे हाती लागतं ते मला दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही. कॅमेरामन दहा फुटांवर गप्प बसलेला असतो, थोड्या वेळाने क्लाइंबर त्याला विसरतो आणि स्वतःशी बोलायला लागतो. “इथे होता ना रे... हां, हा.” ही वाक्यं मुलाखतीत कुणी देत नाही.

आवाजासाठी एक व्यावहारिक गोष्ट: क्लाइंबर आणि बिलेअर, दोघांच्याही छातीवर ३२ बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर लावा. हातोड्याचा घाव आणि श्वास दोन्ही एकाच ट्रॅकवर न फाटता येतात आणि वर लेव्हल बघत बसावं लागत नाही. माइकवर केसाळ विंडशील्ड घालायला विसरू नका.

काही जागांवर मात्र माझं उत्तर बदलेल. जीवधन किल्ल्याशेजारच्या वानरलिंगीसारखा सुटा सुळका असेल तर वर चालत जाऊन लाइन सोडण्याची सोयच नसते. कुणीतरी आधी चढून गेल्याशिवाय कॅमेऱ्याचा दोर लागत नाही, आणि मग पहिला लीड शूट होत नाही. तिथे जीवधनच्या काठावरून लांब लेन्स लावा. लिंगाण्याला तर रायलिंग पठार अगदी समोर आहे, ट्रायपॉड आणि धीर एवढंच लागतं. आवाज रेकॉर्डरवर येतोच. तुमची फिल्म चढाईपेक्षा भूगोलाबद्दल जास्त असेल, म्हणजे कडा, दरी, घाटवाटा, त्यांची एकमेकांशी सांगड, तर ड्रोनशिवाय पर्याय नाही हेही मी मान्य करतो. टीममध्ये रिगिंग (दोर आणि अँकर लावणं) नीट जाणणारा कुणी नसेल तर दोराचा नाद सोडा. शॉटसाठी कुणाचा जीव टांगणीला लावू नये.

पण गोष्ट माणसाची असेल आणि रिगिंग करणारा भरवशाचा असेल, तर पैसे आधी दोरात आणि त्या रिगरच्या मानधनात घाला. ड्रोन एका सकाळपुरता भाड्याने किंवा मित्राकडून मिळतो. त्या सकाळी चढाई ठेवू नका. क्लाइंबरला एखाद्या लेजवर (कड्यातल्या छोट्या सपाटीवर) अँकर करून बसवा, लांबून दोन-तीन मोठे शॉट घ्या, ड्रोन बॅगेत टाका आणि मगच “क्लाइंबिंग” म्हणा.