दोन एचपीची कडबाकुट्टी आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

बचत गटातल्या बायका कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं मशीन, कुठलं घ्यावं म्हणून सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं मशीन सांगलीकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं आहे. दोन एचपीची (अश्वशक्तीची) सिंगल फेज, म्हणजे घरच्या लाईटवर चालणारी मोटर, चाकाला दोन पाती, वैरण आत ओढणारे दोन रोलर आणि पुढं-मागं करायला गिअरचा दांडा. मोटरसकट सत्तावीस हजारांना पडलं. वर्ष होऊन गेलं, रोज दोन वेळा चालतं.

सिंगल फेज मुद्दाम घेतली. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री बारा वाजता वैरण कापायला कोण उठणार? घरच्या लाईटवर पहाटे धारा काढायच्या आधी काम उरकतं. चार म्हशी आणि दोन गाईंची एका वेळची कुट्टी पंधरा-वीस मिनिटांत होते. ओला मका, हत्तीघास, उसाचं वाढं सरसर जातं. वाळल्या कडब्याची मात्र अख्खी पेंढी एकदम सारू नका, मोटर नुसती घुमते आणि पट्टा घसरतो. मूठ-मूठ सोडायचा. व्होल्टेज पडलेलं असताना तर चालूच करू नका, मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर जळतो.

मशीन आलं त्या दिवशी आमच्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जाहीर केलं की यंत्राची कुट्टी खाऊन म्हशीच्या दुधाचं फॅट उतरतं. वैरणीतला कस पात्याला जातो म्हणे! मी वाद घातला नाही. दोन म्हशींना कुट्टी टाकली, दोघींना आण्णांच्या पद्धतीनं अख्खा कडबा. सकाळी गव्हाणी बघायला त्यांनाच नेलं. एकीकडं नुसता चुरा राहिलेला, दुसरीकडं पानं खाऊन टाकलेली धाटं ढीगभर, निम्मी शेणात तुडवलेली. आण्णांनी एक धाट उचललं, मोडून बघितलं आणि म्हणाले, "डेअरीचा फॅटचा कागद आला की बोलू." कागद आला, फॅट होतं तिथंच होतं. आता पेंढ्या तेच सोडून देतात.

आमच्या भागात किर्लोस्करवाडी म्हणजे रोजचं नाव, कुणाचा ना कुणाचा चुलता कारखान्यातून रिटायर झालेला. पण तो कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्या आधी बेळगावात कडबा कापायचंच यंत्र केलं होतं, हे मशीन घेतल्यानंतर वाचलं. नांगर 1903 सालचा. लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. म्हणजे आण्णांसारखी माणसं त्यांनाही गावोगाव भेटली.

त्यांची गोष्ट भाषणांत जिद्द, जिद्द म्हणून सांगतात, त्यानं माझं पोट भरत नाही. मला मोलाचं वाटतं ते त्यांचं हाताशी आहे तिथून सुरू करणं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवलं. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडली आणि भावाबरोबर काढलेल्या बेळगावच्या सायकलींच्या दुकानात आले. मग कडबा कापणी, मग नांगर. बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावल्यावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला, सगळा निवडुंग आणि साप. 1910 साली तिथं वाडी वसली. या राजाश्रयाचं भाषणांत एका ओळीत भागवतात, ते मला पटत नाही. जमीन आणि भांडवल वेळेवर मिळालं हाही धंद्याचाच भाग आहे. आम्हाला राजे मिळत नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी मिळतात, आणि ते "पुढच्या महिन्यात या" म्हणतात.

मला स्वतःला मुरघासाचा, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीचा, धंदा काढायचा आहे. मका दाणा चिकात, म्हणजे दुधाळ, असताना कापायचा, इंचभराची कुट्टी करून पिशवीत दाबून भरायची, हवा शिल्लक ठेवायची नाही. दीड महिन्यात मुरघास तयार. उन्हाळ्यात वैरणीला लोक वणवण करतात तेव्हा विकायचा. गावात बरेच जण अजून आंबलेली वैरण म्हणून नाक मुरडतात. म्हणून पहिल्या पिशव्या विकणार नाही, चार गोठ्यांत वापरायला देणार आहे, पैसे म्हशीनं खाल्ल्यावर.

परत मशीनकडं येते. वैरण ठेवून आत सारायचं आधीचं ताट फार आखूड होतं, हात रोलरपर्यंत जायचा, आणि पट्ट्यावर जाळी नव्हती. फोनवर सांगितलं तर मालक म्हणाले, "वहिनी, सगळ्यांना असंच देतो, कुणाची तक्रार नाही." म्हटलं, तुम्ही एकदा येऊन माझ्या जागी उभं राहा. आले बिचारे. कमरेला पदर खोचून, एका हातानं पेंढी सोडत, दुसऱ्या हातानं वासरू हाकलत मी कशी कापते ते बघितलं. पुढच्या आठवड्यात हातभर लांब ताट आणि जाळी बसवून गेले, पैसे घेतले फक्त पत्र्याचे. ताटाची ही लांबी आता ते सगळ्याच मशीनना देतात असं ऐकते.

तक्रारी राहिल्यात. गिअरचा दांडा मागं घ्यायला जड जातो. काही अडकलं तर पोरगी असो की म्हातारं माणूस, झटकन उलटा फिरवता आला पाहिजे. झाकणाचे बोल्ट थरथरीनं ढिले होतात, आठवड्याला पाना लावावा लागतो. पाती तालुक्याला मिळत नाहीत, वर्कशॉपमधूनच मागवावी लागतात, आणि सणासुदीला तर फोनच उचलत नाहीत.

पाच-सहा जनावरांपर्यंत बिनधास्त घ्या. दहाच्या वर असतील तर तीन एचपीच बघा. घेतानाच पात्यांची जादा जोडी, एक पट्टा आणि एक कपॅसिटर मागून घ्या, ताट हातानं मोजा, जाळी नसेल तर पैसे देऊ नका. पाती लोहाराकडं न देता वर्कशॉपमध्येच धार लावून आणा, दोन्हींचं वजन सारखं राहिलं नाही तर चाक हलतं.